सरणारा आराम

सांख्यकारिका सुरू होते ती थेट दुःखापासून. तिचा कर्ता ईश्वरकृष्ण प्रस्तावनेत वेळ घालवत नाही. माणसाला तीन तऱ्हेचं दुःख छळतं, म्हणून ते कशानं जाईल हे त्याला जाणून घ्यावंसं वाटतं, एवढं सांगून तो मोकळा होतो. लगेच कुणीतरी आडवं येतं: डोळ्यांपुढे इतके उपाय असताना तत्त्वज्ञानाचा खटाटोप कशाला? वाचस्पती मिश्रांनी आपल्या टीकेत या आक्षेपाला चांगलं बळ दिलं आहे. शरीराच्या दुखण्यावर निष्णात वैद्यांनी सांगितलेले शेकडो सोपे उपाय आहेत, मनाच्या दुखण्यावर चांगलंचुंगलं खाणंपिणं, कपडालत्ता, दागदागिने आहेत. मग जन्मोजन्मीच्या अभ्यासानं मिळणारं ज्ञान कुणाला हवंय? ईश्वरकृष्णाचं उत्तर अगदी थोडक्यात येतं. हे उपाय ऐकांतिक नाहीत आणि आत्यंतिकही नाहीत. गुण येईलच अशी खात्री नाही, आणि आला तरी तो कायम राहील याची तर मुळीच नाही.

साताऱ्यातल्या एका महाविद्यालयात मी ही कारिका निवृत्त होईपर्यंत शिकवली. त्यातली काही वर्षं दंडावर लाल, टणक सूज घेऊन शिकवली. फळ्यावर लिहायला हात वर केला की ती ठणकायची. धुळीच्या अॅलर्जीची इंजेक्शनं सुरू होती. पुढे ती थांबली आणि दहाएक वर्षं मला तोंड मिटून, नाकानं श्वास घेत झोपता आलं. लहानपणापासून हे सुख मला ठाऊक नव्हतं. आता ते दिवस सरले. गेल्या दोन पावसाळ्यांत शिंका परत आल्या, पहाटे नाक चोंदू लागलं, टाळू खाजू लागली. त्यामुळे ईश्वरकृष्णाची ती दोन विशेषणं माझ्यापुरती आता परीक्षेच्या प्रश्नातली राहिलेली नाहीत. त्याचा निवाडा बरोबर असेल तर मधल्या वर्षांत मला मिळालं ते काय होतं, हे मला नीट ठरवायचं आहे.

आमच्या घरात हा प्रश्न माझ्याआधी अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या वाट्याला आला होता. चिपळूणजवळचं गाव, चार महिने धो धो पाऊस, कौलांखाली माळ्यावर पेंढा, आणि मिरगापासून दसऱ्यापर्यंत ऊन न पाहणाऱ्या कापसाच्या गाद्या. अण्णांना दमा होता. रात्री दोन-अडीचला आई कंदिलाची वात मोठी करायची तेव्हा मला जाग यायची. अण्णा खाटेच्या कडेला बसलेले असायचे, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, मान पुढे काढून. श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर सोडताना त्यांना जास्त कष्ट पडायचे. तो सुटताना छातीत बारीक शिट्टी वाजायची आणि गळ्याच्या शिरा तटतटायच्या. बोलायचं झालं तर एका दमात दोन शब्द. फारच वाढलं की शेजारचे कुणी डॉक्टरांना आणायला जायचे. डॉक्टर अमिनोफायलिनचं इंजेक्शन शिरेतून द्यायचे, इतकं हळू की सिरिंजमधलं औषध सरकतंय की नाही ते कळू नये. आम्ही सगळे त्या वेळी अण्णांच्या खांद्यांकडे बघत असायचो. कानांपर्यंत चढलेले खांदे आधी थोडे, मग आणखी थोडे खाली यायचे. ते पुरते उतरले की आई चूल पेटवायला उठायची.

ते इंजेक्शन ऐकांतिक नव्हतं आणि आत्यंतिक तर नव्हतंच. आठवड्याभरात तीच रात्र पुन्हा यायची. पण ते खांदे उतरताना मी पाहिले आहेत, आणि त्या घटकेला कमी झालं ते दुःखच होतं. पुढे ते परत आलं, म्हणून त्या रात्रीचा आराम कमी खरा होता असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. ईश्वरकृष्णाशी माझा वाद सुरू होतो तो इथून.

अण्णांचं आणि माझं दुखणं तीनपैकी कुठल्या दुःखात धरायचं, हेही वाटतं तितकं सोपं नाही. शरीर-मनातून उठणारं ते आध्यात्मिक, इतर प्राण्यांपासून होणारं ते आधिभौतिक, दैवी कारणांनी होणारं ते आधिदैविक. आधिभौतिकाची यादी देताना गौडपादांनी आपल्या भाष्यात डास, उवा आणि ढेकूणसुद्धा सोडलेले नाहीत. त्या यादीत डस्ट माइट सहज बसला असता. कोळ्याच्या कुळातला हा जीव मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. आपल्या अंगावरून गळणारा कातडीचा कोंडा खातो, पाणी पीत नाही, हवेतला दमटपणाच शोषून घेतो, म्हणून कोकणातल्या गादीत त्याचं बस्तान उत्तम बसतं. पण ढेकणासारखा तो चावत नाही, रक्त पीत नाही. त्याच्या विष्ठेतलं एक प्रथिन श्वासाबरोबर नाकात जातं, एवढंच. त्याच गादीवर आई जन्मभर झोपली, तिला एक शिंक आली नाही. म्हणजे किडा हे निमित्त आहे आणि दुःख आपलं शरीर स्वतः घडवतं. माझ्या मते ते आध्यात्मिकच म्हणावं लागेल. यातूनच उपायाची वाट निघते. जगातली धूळ कुणाला संपवता येणार नाही, पण धुळीला शरीर जे उत्तर देतं ते बदलता येतं.

माझी तपासणी पुण्यात झाली. त्याआधी काही दिवस अॅलर्जीच्या गोळ्या बंद ठेवायच्या असतात, नाहीतर कातडीवर काही उमटत नाही. हाताच्या आतल्या बाजूला पेनानं खुणा केल्या, प्रत्येक खुणेपाशी एकेका द्रावणाचा थेंब ठेवला आणि थेंबातून सुईचं टोक हलकेच टोचलं. एका टोकाला नुसतं मिठाचं पाणी, दुसऱ्या टोकाला हिस्टामिन, म्हणजे काहीच न होणं कसं दिसतं आणि नक्की होणं कसं दिसतं, दोन्ही समोर. पंधरा-वीस मिनिटांनी उठलेली गांध पट्टीनं मोजतात. मिठाच्या पाण्यापेक्षा तीन मिलिमीटरनं मोठी असली तर ती धरायची. परागकण, बुरशी, झुरळ या खुणांपाशी काही नव्हतं. डस्ट माइटच्या दोन जातींपाशी मात्र हिस्टामिनपेक्षाही मोठ्या, वेड्यावाकड्या कडांच्या गांधी उठल्या होत्या, आणि खाज इतकी की हात पदराखाली धरून बसावं लागलं.

मग आठवड्याला एक इंजेक्शन. ज्या गोष्टीनं त्रास होतो तिचाच अर्क, आधी अगदी विरळ, मग चढत्या मात्रेनं. ठरलेल्या मात्रेला पोचल्यावर महिन्यातून एकदा. कुप्या फ्रिजमध्ये, बर्फाच्या खणात कधीच नाही. काही आठवडे खंड पडला तर जिथं होतो तिथून पुढे जाता येत नाही, मात्रा मागे न्यावी लागते. प्रत्येक वेळी टोचून झाल्यावर अर्धा तास दवाखान्यातच बसायचं. या अर्ध्या तासामागे दुःखद इतिहास आहे. १९८६ साली ब्रिटनच्या औषध-सुरक्षा समितीनं १९५७ पासून या उपचारानं झालेल्या २६ मृत्यूंची नोंद पुढे आणली आणि तिथं या इंजेक्शनांवर कडक बंधनं आली. शरीराला त्याच्या शत्रूची ओळख करून देताना कधीतरी सगळं शरीर एकदम उसळतं, आणि त्या वेळी अॅड्रेनॅलिन हाताशी असावं लागतं. ज्या उपायात जीव जाण्याची शक्यता, कितीही थोडी का असेना, असते, त्याला ‘सोपा उपाय’ म्हणणं वाचस्पतींना जमलं नसतं.

हा उपचार सुरू केला लिओनार्ड नून यांनी, लंडनच्या सेंट मेरीज इस्पितळात. १९११ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा छोटा लेख आला. इंग्लंडात उन्हाळ्याच्या सुरुवातीला गवत फुलतं आणि परागज्वराच्या रोग्यांचे हाल सुरू होतात. नून यांनी टिमोथी नावाच्या गवताच्या परागकणांचा अर्क काढून तो थोडा थोडा टोचला, आणि रोगी किती सोसतो हे पाहायला त्याच अर्काचा थेंब डोळ्यात टाकून पाहिला. परागकणांत विष असतं आणि आपण त्या विषाविरुद्ध शक्ती निर्माण करतो आहोत, अशी त्यांची समजूत होती. ती बरोबर नव्हती; परागात विष नसतं. दोन वर्षांत नून क्षयानं गेले, पस्तिशीच्या आसपास. त्यांचं काम सहकारी जॉन फ्रीमन यांनी पुढे नेलं. उपपत्ती चुकलेली आणि उपाय लागू पडणारा, असं हे प्रकरण आहे. ज्ञानानंच दुःखनिवृत्ती होते असं मानणाऱ्या सांख्याच्या विद्यार्थ्यानं यावर जरूर विचार करावा.

आता मुख्य प्रश्न. गुण टिकतो किती? रोज घेतल्या जाणाऱ्या अॅलर्जीच्या गोळीबद्दल हा प्रश्न कुणी विचारत नाही, तिचा अंमल दिवसभराचा. इंजेक्शनांचं वेगळं, ती थांबवल्यावरही काम करतात असा त्यांचा दावा. १९९९ साली लंडनच्या स्टीफन डरहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो पारखून पाहिला. गवताच्या परागाची इंजेक्शनं तीन-चार वर्षं घेतलेल्या लोकांचे दोन गट केले. एका गटाला इंजेक्शनं चालू ठेवली, दुसऱ्याला न सांगता नुसतं पाणी टोचलं. पुढची तीन वर्षं दोन्ही गटांना जवळजवळ सारखंच बरं होतं. औषध गेलं तरी गुण राहिला. मग कुणीतरी विचारणारच: तीन वर्षं कशाला, दोन नाही का चालणार? २०१७ साली त्याचंही उत्तर लंडनहूनच आलं. दोन वर्षं उपचार घेतलेल्यांना उपचार चालू असताना फरक दिसत होता. थांबवून वर्ष झाल्यावर पाहिलं तर औषध घेतलेले आणि खोटं औषध घेतलेले यांच्यात फरक उरला नव्हता.

या दोन अभ्यासांपाशी मी बराच काळ थांबले आहे. दुसरं वर्ष संपताना ज्याला आराम आहे आणि तिसरं-चौथं संपताना ज्याला आराम आहे, ती दोन माणसं आपल्याला सारखीच दिसतील. दोघंही गादी झटकतील, दोघांनाही शिंक येणार नाही. एकाचा आराम शरीरात मुरलेला, दुसऱ्याचा अजून औषधाच्या आधारानं उभा, आणि ते कळतं कधी, तर औषध काढून घेतल्यावर. योगसूत्रांत पतंजलींनी अभ्यासाला पाया कधी मिळतो ते सांगताना तीन अटी घातल्या आहेत: तो दीर्घकाळ चालावा, त्यात खंड पडू नये आणि तो आदरानं व्हावा. वर्गात शिकवताना मुलं विचारायची, ‘दीर्घकाळ म्हणजे किती, मॅडम?’ भाष्यकार आकडा देत नाहीत. मनाचा आकडा मला अजूनही देता येणार नाही. धुळीच्या बाबतीत शरीर निदान तीन वर्षं मागतं.

आणि तरीही ते पुसून टाकत नाही. शरीरात काय घडतं ते आता बरंच कळलं आहे. १९६६ मध्ये किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या पती-पत्नींनी अॅलर्जीमागचं प्रतिपिंड शोधून काढलं, आपण त्याला आयजीई म्हणतो. हे प्रतिपिंड मास्ट पेशींना चिकटून बसतं, त्याला त्याचा धुळीचा कण भेटला की पेशी उसळतात आणि आतलं हिस्टामिन बाहेर सोडतात. इंजेक्शनं सुरू केल्यावर आयजीई आधी वाढतं, मग वर्षावर्षानं सावकाश उतरतं. दरम्यान आयजीजी-४ नावाचं दुसरं प्रतिपिंड तयार होतं आणि कणाला वाटेतच अडवतं, आणि आवर घालणाऱ्या टी पेशी पुढे येतात. पण आयजीई शून्यावर जाईलच असं नाही. पुष्कळ लोकांना काहीही त्रास नसतो आणि टोचून पाहिलं तर गांध उठतेच. माझीही उठली होती, चांगल्या वर्षांमध्येसुद्धा, पहिल्यापेक्षा लहान.

पतंजली क्लेशांच्या चार अवस्था सांगतात: झोपलेला, क्षीण झालेला, दुसऱ्या क्लेशानं तात्पुरता मागे हटवलेला आणि पुरता जागा. योगसूत्रांवरचं व्यासभाष्य त्यांत ज्ञान्याची स्थिती वेगळी काढतं. त्याचे क्लेश भाजलेल्या बीसारखे असतात, पुढ्यात विषय आला तरी उगवत नाहीत. मी विद्यार्थ्यांना या अवस्था सांगताना राग, मत्सर, लोभ यांची उदाहरणं द्यायचे. अॅलर्जीतज्ज्ञाच्या टेबलावर त्या मला जास्त स्पष्ट दिसल्या. गोळी घेतलेल्या दिवशी रोग मागे हटवलेला असतो. इंजेक्शनांनी तो क्षीण होतो. भाजला जात नाही. तेव्हा तो परत आला यात उपायानं फसवलं असं काही नाही. जे होतं तेच परत आलं.

खरं तर जे होतं तेवढंच परत आलं नाही, आणखीही काही आलं. आम्ही गावाबाहेरच्या बाजूला नव्या घरात राहायला गेलो. मागे बिनबांधलेले दोन प्लॉट, पावसाळ्यात कमरेएवढं गाजर गवत, वर पांढरी बारीक फुलं. १९५०च्या दशकात हे गवत पुण्यात नोंदलं गेलं. अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर ते आलं असं साधारणपणे मानतात. आज महाराष्ट्रात ते नाही असा रस्ता सापडायचा नाही. शिंका सुरू झाल्यावर मी पुन्हा हात पुढे केला. माइटच्या गांधी मधल्या वर्षांपेक्षा वाढल्या होत्या, आणि पूर्वी जिथं काही नव्हतं त्या गाजर गवताच्या खुणेपाशी रुपयाएवढी गांध. इंजेक्शनांनी माझं धुळीशी असलेलं वैर सौम्य केलं होतं. वैर धरण्याची जी प्रवृत्ती अण्णांकडून आली ती तशीच राहिली होती, आणि नव्या निमित्ताची वाट पाहत होती. कार्य कारणात आधीपासूनच असतं हे सांख्यांचं मत मला असं स्वतःच्या हातावर वाचायला मिळालं.

डॉक्टर माझ्या मुलाच्या वयाचे आहेत. ते म्हणाले, ‘मॅडम, माइटसाठी पुन्हा कोर्स करता येईल. पण एक सांगून ठेवतो, या वेळी गुण येईलच अशी खात्री मी देऊ शकत नाही. आणि आला तर किती वर्षं टिकेल तेही सांगता यायचं नाही.’ मी म्हटलं, ‘डॉक्टर, हे मला माहीत आहे. सुरू करू या.’

या निर्णयावर माझे एक ज्येष्ठ सहकारी, आमच्याकडे वेदान्त शिकवायचे ते सर, रागावले नाहीत, पण त्यांना वाईट वाटलं. इंजेक्शन घेण्याबद्दल नव्हे, मी त्याला जो अर्थ देते त्याबद्दल. ते म्हणाले, ‘ताई, हा तह झाला. ईश्वरकृष्ण दुःखाचा नाश मागतो आणि तुम्ही मुदत मागताय. सगळी हयात ही कारिका शिकवून शेवटी मुदत?’

हो, मी मुदत मागते. आणि तिची कारणं मला सरांसाठी नीट मांडावीशी वाटतात.

ईश्वरकृष्ण पुढच्याच कारिकेत यज्ञयागांनाही औषधांच्याच पंक्तीला बसवतो. यज्ञांनी मिळणारा स्वर्गही क्षय पावतो, पुण्य सरलं की खाली यावं लागतं. माणूस असो की देव, जे मिळवलेलं आहे ते सरणार, हे त्यानं कुणाचीही भीड न धरता सांगितलं आणि ते खरं आहे. माझा प्रश्न एवढाच की ते का सरतं? सांख्याचं उत्तर असं की प्रकृती, म्हणजे शरीर-मनासकट हे सगळं जग, क्षणभरही बदलल्यावाचून राहत नाही. तिचे तीन गुण सतत परिणाम पावत असतात, प्रलयातसुद्धा. मग याच बदलण्यामुळे इंजेक्शनला वाव मिळाला की नाही? माझं शरीर न बदलणारं असतं तर धुळीला शत्रू मानण्याची त्याची सवय कुठल्याच कुपीनं सैल झाली नसती. ज्या गुणामुळे ते सहनशीलता शिकलं त्याच गुणामुळे ते ती विसरलं. शिकायला तयार असावं पण विसरू नये, अशी अट प्रकृतीला घालता येत नाही. कायमचं आणि न ढळणारं जे आहे ते सांख्यात पुरुषापाशी, म्हणजे नुसत्या पाहणाऱ्या चैतन्यापाशी आहे, आणि पुरुष तर कधी आजारी नव्हताच. म्हणजे आत्यंतिक निवृत्ती त्यालाच मिळते ज्याला रोग झालेला नाही. ज्याला झाला आहे, ज्याचे खांदे कानांपर्यंत चढतात, त्याच्यासाठी या शास्त्रात काय आहे, हे सरांनी मला सांगावं.

मधमाश्या पाळणाऱ्यांचा एक अभ्यास मला यात फार मोलाचा वाटतो. या लोकांना मोसमात पुष्कळ डंख बसतात आणि बहुतेकांना त्याचं काही होत नाही, शरीर विषाला सरावतं. दावोसच्या संशोधकांनी २००८ साली दाखवलं की मोसमाच्या सुरुवातीला डंख बसू लागले की त्यांच्या टी पेशी लगेच वळण बदलून आवर घालणाऱ्या होतात. आणि शेवटच्या डंखानंतर दोन-तीन महिन्यांत सगळं मूळ पातळीवर परत जातं. दर हिवाळ्यात शरीर विसरतं, दर वसंतात नव्यानं शिकतं. त्या माणसाची सहनशीलता आत्यंतिक नाही. तो जन्मभर मध काढतो.

आयुर्वेद या बाबतीत सांख्याचा शेजारी असूनही जास्त दयाळू आहे. चरकांनी रोगांचे साध्य आणि असाध्य असे भाग करून असाध्यातच ‘याप्य’ म्हणून एक वर्ग ठेवला: जो पुरता जात नाही पण पथ्य आणि उपचार चालू असेतो काबूत राहतो, आणि ते सोडले की डोकं वर काढतो. याप्य रोग्याला वैद्यानं सोडून द्यावं असं त्यांनी म्हटलेलं नाही. सोडायचे ते ज्यांच्यावर इलाजच चालत नाही ते. अण्णा याप्य होते. मीही आहे. इंजेक्शनांनी मला थोडी वेगळी जागा दिली, उपचार थांबल्यावरही वर्षानुवर्षं आराम राहिला, आणि अशा जागेसाठी चरकांच्या वर्गीकरणात खण मला सापडत नाही. कदाचित आपणच तो करायला हवा: पुरतं बरं होणं आणि रोज सांभाळणं यांच्या मधला.

सरांचा एक आक्षेप मात्र मला खोडता आलेला नाही. ते म्हणतात, मुदतीवर समाधान मानायची सवय लागली की मूळ प्रश्न विचारणारं मनच झोपतं. दुःख थोडं कमी झालं की जिज्ञासा मरते. हे मी पाहिलं आहे. त्या दहा वर्षांत मी सांख्यकारिका उत्तम शिकवली, पण पहिली कारिका मला जाळत नव्हती. आता पहाटे उशीला टेकून बसते तेव्हा ती पुन्हा जवळची वाटते. पण यावरून दुःख असू द्यावं असं मी म्हणणार नाही, दमेकऱ्याची मुलगी असताना तर नाहीच. अण्णांना तत्त्वज्ञान सुचलं असेल तर ते खांदे उतरल्यानंतर. चढलेले असताना त्यांना फक्त पुढचा श्वास सुचत होता. जिज्ञासेलाही श्वास लागतो. आणि स्वतः ईश्वरकृष्णानं कबूल केलं आहे की ज्ञान झालं तरी शरीर लगेच पडत नाही, मागच्या संस्काराच्या जोरावर ते काही काळ चालतच राहतं. त्या उरलेल्या काळात ज्ञान्यालाही कोकणच्या पावसात दमट गादीवर झोपावं लागेल. त्याला दमा असेल तर त्यानं इंजेक्शन घ्यावं की नाही? सर म्हणाले, घ्यावं. मग आमच्यात मतभेद फक्त इतकाच उरला की त्या इंजेक्शनाला ते नाइलाज म्हणतात आणि मी पुण्यकर्म म्हणते.

माइटचा नवा कोर्स दिवाळीनंतर सुरू होईल, पावसाळ्याचा जोर ओसरल्यावर. गाजर गवतासाठी इंजेक्शन घ्यायचं नाही असं आम्ही ठरवलं आहे. ते फुलण्याआधी मुळासकट उपटायचं, हातमोजे घालून आणि तोंडाला फडकं बांधून, कारण कातडीलाही ते त्रास देतं. एका झाडाला हजारो बिया धरतात आणि मातीत त्या वर्षानुवर्षं तग धरतात, म्हणून हे काम पुढच्या वर्षीही करावं लागणार आहे. मला त्याच्या जवळ जायला मनाई आहे. शेजारच्या दोघींनी आणि सरांनी रविवारची सकाळ त्यासाठी दिली आहे.